गाडीसंगं एक माणूस

किल्ली मिळायची न्हाई, आमेर. मागू नको.

तुमी दोस्त-दोस्त मोळीच्या डोंगरावर चाललाव ना, जावा. काळे खांब बघा, रातचे तारे बघा, मोबाईलवर फोटो काढा. पण ती कोपऱ्यातली, ताडपत्रीखालची जीप सोडून बोला. टेंपो मागा, माझी मोटारसायकल मागा, देतो. ती जीप न्हाई. दोन वर्सं झाली, ती जागची हललेली न्हाई, आन् माझा जीव हाय तवर मी हलवू देणार न्हाई.

दात काढू नका बे. मी मिस्त्री माणूस हाय. गाडी बंद पडली की लोक लिंबू-मिरची बांधतेत, मी प्लग काढून पुसतो. उभी हयात ह्या चौसाळ्याच्या रोडवर गेली, रातबेरात एकटा ट्रकखाली पडून काम केलं, कधी काय दिसलं न्हाई. हे जे सांगतो ते माझ्यावर बेतलेलं न्हाई, त्या जीपच्या मालकावर, रामप्रसादवर बेतलेलं हाय. पण ज्या सकाळी त्यानं मला सांगितलं, त्या सकाळी त्याच्या अंगात खोटं बोलायचीबी ताकद नव्हती. बसा सगळे. शटर अर्धं खाली घे रे, गार वारं येतंय. तुझी दादी चहा पाठवती तवर होईल सांगून. आज दिवसभर गॅरेज कावून बंद होतं म्हणून विचारत होतास ना, तेबी शेवटाला कळंल.

मोळीचा डोंगर तुमी फोटोत बघितलाय. काळ्या दगडाचे सरळ खांब, एकाला एक चिकटून उभे, भोवती सालई-धावड्याचं रान. शिकलेले म्हणतेत, लई जुन्या काळी जमिनीतनं आगीचा रस वर आला, पसरला, आन् निवताना तडकून असे सहा कोनांचे खांब झाले. असंल. आपल्या लोकांना ते बघून आग आठवत न्हाई, ऊस आठवतो. तोडलेला ऊस बांधून उभा करावा, तसं दिसतं. म्हणून मोळीचा डोंगर, आन् पायथ्याला मोळीवाडी. दसरा-दिवाळी झाली की सगळी वाडी ऊसतोडीला जाती. मागं राहतेत म्हातारे आन् कुत्रे.

रामप्रसादचे आईबापबी जायचे. बाप आश्रुबा, आई चंद्रभागाबाई. टोळीत माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतेत. नवराबायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस गेलं की राहिलेलं ते अर्धा कोयता. आश्रुबा माझा जिगरी दोस्त होता. मोठा गमत्या माणूस, बोलायला लागला की ट्रकचा ड्रायव्हर पेंगायचा थांबायचा. म्हणून मुकादम त्यालाच गाडीसंगं धाडायचा. कर्नाटकात, एका नदीकाठच्या फडात, रातची गाडी भरताना तो डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढत होता. फळी सरकली. तिथंच नदीला त्याला अग्नी दिला. रामप्रसाद तवा एवढंसं पोरगं होतं.

आता नीट ऐका. आमेर सोडून तुमा बाकीच्यांत चितेपाशी एक खडा उचलतेत. जीवखडा. दहा दिवस त्या खड्यालाच पाणी सोडायचं, मग तो नदीत टाकायचा. सगळीकडं असंच. पण मोळीवाडीची रीत जरा निराळी. परमुलखात मेलेल्याचा खडा तिथल्या पाण्यात टाकत न्हाईत. पदरात बांधून गावाला आणतेत आन् डोंगरावर, त्या खांबांच्या खाली एक घळ हाय, तिथं काळ्या कातळावर ठेवतेत. माणूस घरी आला, आता निजू द्या, म्हणून. एकदा ठेवला की तो खडा उठवायचा न्हाई. जलमभर ज्यांना आर्ध्या रातीत उठवलं, त्यांना मेल्यावर तरी कुणी उठवू नये, एवढीच त्यातली गोष्ट.

चंद्रभागाबाईनं आश्रुबाचा खडा तसाच आणला. नदीतला तांबूस खडा, मुठीएवढा. त्याच्यामागं तिनं अर्धा कोयता म्हणून लई वर्सं ऊस तोडला, पोरगं वाढवलं. रामप्रसाद कमावता झाला तवा त्यानं पहिली एकच गोष्ट केली. आईची चुंबळ, ती डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चिंधीची गुंडाळी, चुलीत घातली. म्हणला, "आता तुझ्या डोक्यावर मोळी चढू देणार न्हाई, आई." ह्या शब्दासाठी तो जगत होता म्हणा ना.

तो स्वतः ऊसतोडीला गेला न्हाई. फोटो बघून शहरातली पोरं डोंगर चढायला यायला लागली, हा त्यांना वर न्यायला लागला. खांबांची माहिती सांगायचा. एक खांब असा हाय, त्याच्यावर दगड मारला की घंटेसारखा खणकन वाजतो. ते ऐकून पोरं खूश व्हायची. मंग पाव्हण्यांना आणायला-सोडायला त्यानं ही जीप घेतली. खटारा होती, मीच उभी करून दिली.

तर दोन वर्सांमागं, पौषातली अवस. शुक्रवार होता, मी दुपारच्या नमाजला निघालो होतो, तवा त्याचा फोन आलता. म्हणला, "चाचा, उद्या मोठी टोळी येणार हाय पुण्याची, रातभर वर थांबून तारे बघणार, पहाटं अंधारात उतरणार. मागल्या टायमाला एक जण वाट चुकून निवडुंगात घुसला. आज वाट आखून घेतो." मी म्हणलं, आख बाबा. चुन्यानं आख. तर म्हणला, फॉरेस्टवाला दगड रंगवू देत न्हाई.

आता त्या डोंगरावर सगळा दगड काळा. काळ्यावर काळा दगड ठेवून अंधारात काय दिसणार? पांढुरका दगड पाहिजे, बॅटरीत चमकणारा. तसले दगड सगळ्या डोंगरात एकाच जागी होते.

त्याला ठावं नव्हतं असं न्हाई. म्हातारी माणसं तिथं खडे ठेवतेत हे त्याला ठावं होतं. पण त्याचं लहानपण गेलं फडावर आन् मंग वसतिगृहात, रीत त्यानं कधी जवळनं बघितली न्हाई. त्यानं मनाची समजूत घातली. दहावं झालं की खडा म्हंजे दगडच की, लोक नदीत फेकून देतेतच ना. आईला विचारलं असतं तर ती न्हाई म्हणली असती. म्हणून विचारलं न्हाई. आपण सगळेच असं करतो, त्यात त्याला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ न्हाई.

बायको वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला आष्टीला माहेरी गेलेली. घरात आई आन् हा. दुपार कलल्यावर गोणी घेऊन वर गेला. घळीत शेवरीच्या झाडाखाली ते खडे मांडलेले. पिवळे, पांढरे, राखुंडी. कुठल्या कुठल्या नद्यांचे. त्यानं गोणीत भरले आन् वरून खालपर्यंत वाटंच्या कडंनं, दर वळणाला काळ्या दगडावर एकेक ठेवत आला. खांबांपाशी काम सुरू करताना, सवयीनं म्हणा की खुशीनं म्हणा, त्या वाजणाऱ्या खांबावर एक टोला मारला. खणकन वाजला. रानातले व्हले उडाले.

शेवटाला एक तांबूस खडा उरला. त्याला तो आवडला. घराच्या ओट्याच्या कोपऱ्यावर, जिथनं वाट सुरू होती, तिथं त्यानं तो ठेवला. दिवस बुडाला होता.

आईनं भाकरी वाढली. विचारलं, "डोंगरावर कोण आलतं का रं? वाजल्यावानी झालं."

"मीच वाजवलं."

"उगं वाजवू नको बाबा," म्हणली. "फडावर गाडी आली की मुकादम असाच लोखंडाचा तुकडा बडवायचा. अजून छातीत धस्स होतं."

तो हसला. जेवले. निजले. वाडीत तिसरा माणूस जागा नव्हता. शेजारच्या घरांना कुलपं.

रातीत त्याला जाग आली ती वासानं. उसाचा वास. ताजा तोडलेला ऊस आन् जळलेलं पाचट. मोळीवाडीत शेताला पाणी न्हाई, तिथं ऊस कुठला? पडल्या पडल्या त्याला वाटलं, सपान असंल, लहानपणीचं.

मंग डोंगरावर खांब वाजला.

एकदाच. खणकन.

त्यानं हात लांब करून आईची वाकळ चाचपली. वाकळ गार होती.

आई दाराशी बसली होती. अंधारात. हातानं काहीतरी गुंडाळत होती. त्यानं मोबाईलचा उजेड केला. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ती चुंबळ वळत होती. डोळे उघडे. पण बघत कुठंच नव्हती.

"आई, काय करायलीस?"

"गाडी आली रं."

"कुठली गाडी?"

"भरायची..."

ती उठली आन् अंगणात गेली. हा मागं. अवसेची रात, ताऱ्यांबिगर उजेड न्हाई. डोंगर नुसता काळा ढिगारा. पण त्यानं आखलेली वाट दिसत होती. ते पांढुरके खडे, खालपासून वरपर्यंत, अंधुक अंधुक. काम चांगलं झालंय, असं त्याच्या मनात येऊन गेलं बघा त्या टायमालाबी.

आन् मंग वरचा खडा दिसंना.

परत दिसला.

त्याच्या खालचा दिसंना. तो परत दिसला... त्याच्या खालचा गेला.

तो बघत राहिला. त्याला आधी कळंना. मंग कळलं. खड्याच्या पुढनं कोणतरी चाललंय. खाली येतंय. एक न्हाई... वरचा खडा परत गेला होता. मागं अजून हायेत. रांग हाय.

कुत्रं भुंकलं न्हाई. कुत्री सगळी घरांच्या मागं जाऊन बसलेली.

मंग आवाज आला. पायांचा न्हाई. धापेचा. डोक्यावर ओझं घेऊन माणूस उतरतो तवा कशी दम खात खात नाकातनं हवा सोडतो, तसा. बायकांच्या काकणांचा. कुणीतरी खोकलं. बोलत कुणीच नव्हतं.

काय म्हणलास? पळाला कावून न्हाई? आई अंगणात उभी होती बे. आईला टाकून पळतो का कुणी?

जीप अंगणातच उभी होती, मागचं फाळकं खाली. धाप जवळ आली. त्याच्या अंगावरनं गेली. उसाच्या पाल्याचं खरखर त्याच्या दंडाला लागलं, त्यानं दुसऱ्या दिवशी मला दंड दाखवला, बारीक चरे होते. आन् जीपमध्ये धप्प झालं. जीप हलली.

परत धप्प.

जीप खाली बसायला लागली. चाकांवरचे पाटे, त्या लोखंडी स्प्रिंगा, करकरले. आत नुसता अंधार, दुसरं काय न्हाई. पण गाडी भरत होती.

चंद्रभागाबाई ओट्याच्या कोपऱ्याशी गेली. तिथं तांबूस खडा होता. त्याच्या म्होरं ती उभी राहिली आन् पदर सारखा केला. कुणीतरी समोर असल्यावानी.

"आले की..."

...

"तुमीच उशीर केला."

...

"न्हाई... सून माहेराला हाय. पहिलटकरीण."

...

"आवंदा न्हाई जमायचं. नातवंड येणार हाय... अर्धा तर अर्धा, तुमी जावा..."

मंग ती ऐकत होती. मान डोलवत होती. शेवटाला ती इतकी हळू बोलली की रामप्रसादला ओठच दिसले.

"बरं. एकच खेप मारते."

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली. दोन्ही हात वर केले. आन् रामप्रसादनं बघितलं... तिची मान दबली. गुडघे वाकले. डोक्यावर काहीच न्हाई, पण गळ्याच्या शिरा तटतटल्या. पासष्टीची बाई ती. एकेक पाऊल टाकत जीपकडं निघाली. मागून कुणाची तरी धाप. तिच्याच पावलाला पाऊल लावून.

रामप्रसादला त्या घडीला जे आठवलं ना, ते दुसऱ्या कुणाला आठवलं नसतं. फडावर तो पाचटावर निजायचा. रातीत आईबाप उठून गाडी भरायला जायचे, हा अंधारात एकटा डोळे मिटून पडायचा. आन् कधी एकदा भरलेली गाडी सुरू होऊन निघती, ह्याची वाट बघायचा. कारण गाडी निघाली की मुकादम ओरडायचा, निजा आता. मंग आई येऊन कुशीत घ्यायची. टोळीला सोडवणारी एकच गोष्ट असती, भरलेली गाडी निघून जाणं. ती जाईस्तोवर कुणाची सुटका न्हाई. मेलेल्याची न्हाई आन् जित्याचीबी न्हाई.

त्यानं आईच्या हाताला धरलं. हात गार. तिचं ओझं जीपमध्ये पडलं, धप्प झालं, तसं त्यानं फाळकं लावलं आन् ओरडला. मुकादमाचा आवाज काढायचा होता, पण निघाला पोराचा, रडका.

"गाडी भरली. जावा. निजा आता समदे..."

धापा थांबल्या.

"आई, तूबी निज. आपल्या घरात निज. हितंच."

ती त्याच्याकडं बघत होती, आता खरंच बघत होती. काहीतरी विचारणार होती. तो थांबला न्हाई. बसला, चावी फिरवली. जीप सुरू झाली. पहिला गेर टाकला तर इंजिन बोंबललं, एवढं वजन. तशीच ओढत त्यानं ती रस्त्याला लावली. आरशात बघितलं. खालचा खडा दिसंना... दिसला. पण आता अंधार खालनं वर चालला होता. टोळी परत चालली होती.

पोरांनो, त्याची गोष्ट हितं संपली असती तर मी म्हणलो असतो, आईचं नशीब, पोरगं शहाणं निघालं. पण मोळीवाडी ते चौसाळा एवढी वाट त्याला काटायची होती.

पहिल्या वळणावर त्याला वाटलं, शेजारची सीट कुरकुरली.

त्यानं बघितलं न्हाई.

तंबाखूचा वास आला. चुना मळल्यावर येतो तसा. रामप्रसाद तंबाखू खात न्हाई.

त्यानं समोर बघितलं. हात स्टिअरिंगला चिकटलेले. डोळ्यांवर झापड येत होती, भीतीनं असं होतं कधी कधी, माणसाला झोप येती. पुलाच्या अलीकडं त्याची मान कलली. गाडी कडंला जायला लागली.

गुडघ्यावर थाप पडली.

हळू. बाप पोराला मारतो तशी.

तो जागा झाला. गाडी सरळ केली. मंग चौसाळ्याचे दिवे दिसस्तोवर तो रडत आला. एकदाबी डावीकडं बघितलं न्हाई त्यानं. हे सांगताना मला म्हणला, "चाचा, बघायला पाहिजे होतं का?"

मी पहाटची, फजरची नमाज पढून शटर उघडलं तर जीप समोर उभी. हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून. मी आधी पाटे बघितले, माझी नजरच तिथं जाती. मागचे पाटे उलटे झालेले, टायर दबलेले. म्हणलं, काय भरलंस रे एवढं? मागं जाऊन बघतो तर काय न्हाई. एक वाळलेलं पान न्हाई. अल्ला गवाह हाय, रिकामी गाडी दगडानं भरल्यावानी बसली होती.

त्याला पाणी पाजलं, सगळं ऐकलं, मोटारसायकलवर घातलं आन् वाडीला गेलो. चंद्रभागाबाई चुलीपुढं बसली होती. धडधाकट. चहा टाकत होती. माझ्या जिवात जीव आला. रामप्रसाद तिच्या पाया पडला. तर ती बाई काय म्हणली असंल?

"त्यांला कुठं सोडलंस?"

"कुणाला, आई?"

"ओट्यावरचा खडा न्हाई. मी परमुलखातनं त्यांला पदरात बांधून आणलं होतं रं. तू परत गाडीत घालून नेलंस?"

आम्ही दोघांनी ओटा बघितला, अंगण बघितलं, झाडलं. तांबूस खडा न्हाई. जीपमध्येबी न्हाई. मी म्हणलं, भाबी, टोळी तर वर परत गेली, त्यानं डोळ्यानं बघितली. ती पदरानं डोळे पुसत म्हणली, "टोळी जाती वर. पण भरल्या गाडीसंगं एक माणूस द्यावा लागतो, ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून. हे पोरगं एकटं निघालं होतं. ते कसं जाऊ देतील?"

रामप्रसाद भिंतीला टेकून खाली बसला. गुडघ्यावरची थाप त्यानं तिला सांगितली नव्हती. फक्त मला सांगितली होती.

पुण्याच्या टोळीला येऊ नका म्हणून फोन केला, आन् त्याच दिवशी दोघं मायलेक वर गेले आन् सगळे खडे परत घळीत मांडले. कुठला कुठं, ते तिला पाठ. हा बंकटचा, हा जानकीबाईचा, असं नाव घेत, माफी मागत. एक जागा तेवढी मोकळी राहिली.

हिकडं जीप. दुपारपर्यंत मागचे पाटे आपोआप वर आले, कारखान्यात गाडी खाली झाल्यावानी. पण पुढची डावी बाजू, ड्रायव्हरच्या शेजारची, ती आली न्हाई. मी पाटा बदलला. नवा टाकला. दोन दिवसांत तोबी बसला. लई न्हाई. शेजारी एक माणूस बसल्यावर गाडी जेवढी बसती, तेवढीच. उजव्या चाकाच्या वर मडगार्डमध्ये माझी पाची बोटं जातात. डाव्या चाकावर चार. रोज घालून बघतो. दोन वर्सं झाली, चार म्हंजी चार.

चंद्रभागाबाई म्हणायची, जीप वाडीला आणा, त्यांना घरी येऊ द्या. रामप्रसाद न्हाई म्हणायचा. त्याला भ्या, ती बाई गाडीत जाऊन बसंल आन् उठायचीच न्हाई. बाप दारात आणावा तर आई जाती, आई राखावी तर बाप बेघर. सांगा, काय करावं माणसानं? मंग तीच यायची. नात झाली, तिला कडंवर घेऊन एसटीनं चौसाळ्याला यायची. ताडपत्री सारायची, बॉनेटला टेकून भाकरी खायची, घरातलं बोलायची. पोरगी रांगती, सून चांगली हाय. मी आपला तिकडं पान्हा घेऊन खोटंच काहीतरी करत बसायचो. निघताना दर टायमाला म्हणायची, "कासमभाऊ, जरा दमानं घ्या म्हणावं त्यांना. येते मी."

काल रात्री ती गेली, पोरांनो. झोपेत. नात कुशीत होती. आज मी मातीला गेलतो. सगळं उरकल्यावर रामप्रसाद माझ्याजवळ आला, हातात तिचा जीवखडा. म्हणला, "चाचा, आई तर घरातच गेली, हिचा खडा नदीत सोडायचा असतो. का घळीत ठिवू, त्या मोकळ्या जागंशेजारी?" बापाची जागा रिकामी, तिच्या शेजारी तिला एकटीला ठेवायचं कसं?

सांजच्याला आलो, दिवा लावला. सवयीनं ताडपत्री उचलली. डाव्या चाकावर हात घातला... म्हणलं, आपले हात आज सुजलेत. उन्हात उभं राहून सुजतेत. म्हणून तर तुमाला बसवून घेतलं. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई आज.

आमेर, तू जा. तुझी बोटं माझ्यासारखीच हायेत. बॅटरी नको. नुसता हात घाल.

आधी उजवीकडं... किती?

पाच. बरं.

आता डावीकडं. दमानं. जोर लावू नको, जेवढी जातील तेवढीच...

किती?

बोल की बे.

...

तीन.

...

ये हिकडं. बस माझ्याजवळ. न्हाई, आधी ताडपत्री टाक परत. नीट टाक, दोन्ही बाजूनं. रातचं गार लई पडतंय.